मेल्यावर गावातून निघायला वर्षं लागतात: डोगोन लोकांचा दामा आणि मुखवट्यांचा नाच

मार्सेल ग्रिओल हा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ फेब्रुवारी १९५६ मध्ये पॅरिसला वारला. त्याचे अंत्यसंस्कार फ्रान्समध्ये झालेच, पण पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, सांगा नावाच्या गावी, डोगोन जमातीच्या लोकांनी ते पुन्हा केले. आपल्या रीतीने. प्रेत नव्हतं, म्हणून त्याच्या जागी बाहुला ठेवला. डोगोन शेतकऱ्याच्या विधीत शेवटी त्याची कुदळ मोडतात; याची कामं संपली, आता याला कुणी शेतावर बोलवायचं नाही, असा त्याचा अर्थ. ग्रिओलच्या वेळी कुदळ मोडायची पाळी आली तेव्हा लोकांनी पेन्सिल मोडली. पंचवीस वर्षं हा गृहस्थ त्यांच्यात येऊन लिहूनच घेत होता. त्याचं अवजार तेच.

या विधीला देह लागतच नाही असं नाही, पण देहावाचून तो अडतही नाही. परगावी मेलेल्या माणसासाठीही बाहुला करून सगळं यथासांग होतं. कारण डोगोनांच्या लेखी माणूस मरणं आणि माणूस गावातून निघणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली एका क्षणात घडते. दुसरी आपोआप घडत नाही. ती गावाला घडवून आणावी लागते, त्यासाठी धान्य साठवावं लागतं, तरुण पोरांना घाम गाळावा लागतो, आणि हे सगळं जुळून यायला कधी दोन-तीन वर्षं लागतात, कधी बारा-तेरा. आपल्याकडे दहावा-तेरावा आणि वर्षश्राद्ध यांच्यामागे जी कल्पना आहे, की गेलेला लगेच ‘पितर’ होत नाही, त्याला तिथवर पोचवावं लागतं, ती मनात धरली तर पुढचं समजायला सोपं जाईल. फरक इतकाच की आपलं काम घरापुरतं आणि ठरल्या दिवशी उरकतं. डोगोनांचं सगळ्या गावाचं मिळून होतं आणि त्याची तारीख कणगीतली बाजरी ठरवते.

कडा आणि बाजरी

मालीच्या मध्यभागी बांडियागाराचा कडा आहे. वालुकाश्माची ही भिंत सुमारे दीडशे किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी पाचशे मीटरपर्यंत उंच. वर खडकाळ पठार, खाली वाळूचं मैदान, आणि मधल्या दगडगोट्यांच्या उतारावर मातीच्या घरांची गावं. युनेस्कोने १९८९ मध्ये हा सगळा प्रदेश जागतिक वारशात घेतला. कड्याच्या पोटात उंचावर गुहा आहेत. डोगोन यायच्या आधी, साधारण अकराव्या ते सोळाव्या शतकात, इथे राहणारे लोक त्या गुहांमध्ये आपले मृत ठेवत. डोगोन त्यांना तेलेम म्हणतात. नंतर डोगोनांनीही त्यातल्या अनेक गुहा त्याच कामासाठी वापरल्या.

मुख्य पीक बाजरी. आपण जिची भाकरी खातो तीच. बाजरी मुळात सहाराच्या दक्षिण काठावरची; लागवडीच्या बाजरीचे फार जुने, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पुरावे उत्तर मालीतच सापडले आहेत, आणि तिथून ती पुढे हिंदुस्थानात आली. नगर-सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बांडियागाराचं शेतीचं वेळापत्रक समजावून सांगावं लागणार नाही: जूनमध्ये पाऊस, पावसाळा संपता संपता कापणी, आणि पुढे मे अखेरपर्यंत कोरडे दिवस. मोठे विधी या कोरड्या दिवसांतच होतात. शेतात काम नसतं आणि बाजरीची बिअर गाळायला धान्य हाताशी असतं. मेलेल्यांना गावातून कायमचं पोचवणारा मोठा विधी म्हणजे दामा, आणि तो बिअरशिवाय होत नाही. हे मी गमतीने सांगत नाही. पुरेशी बाजरी नाही म्हणून दामा पुढे ढकलणं हे तिथे अगदी रास्त कारण आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ‘डोगोन असं करतात’ हे वाक्य नेहमी थोडं खोटं असतं. डोगोन ही एक भाषा नाही, एकमेकींशी नातं असलेल्या बऱ्याच भाषा आहेत. शेजारच्या दोन गावांच्या लोकांना कधी कधी एकमेकांचं बोलणं समजत नाही. रीतीही गावागणिक बदलतात. बाहेरच्या जगाला जे माहीत आहे ते बहुतेक सांगा परिसर आणि कड्याखालचं तिरेली यांच्यावरून. खालचं वर्णनही मुख्यतः तिथलंच.

आधी गुहा, मग बंदुका

प्रेत त्याच दिवशी हलवतात. धुऊन, कापडात गुंडाळून, वर काळ्या-पांढऱ्या चौकटींची घोंगडी टाकून ते कड्यापाशी नेतात. तिथे गोरखचिंचेच्या सालीच्या दोरांनी ते वर गुहेत ओढून घेतात. घोंगडी मात्र परत येते. ती घराण्याची असते, पुढच्या मरणाला पुन्हा लागते. मुसलमान आणि ख्रिस्ती झालेले डोगोन आपापल्या धर्माप्रमाणे जमिनीत पुरतात.

नंतर कोरड्या दिवसांत पहिला मोठा विधी येतो. त्याला न्यू याना म्हणतात. इथे दुःखाला मोकळी वाट असते आणि आवाजही भरपूर असतो. पुरुष ठासणीच्या जुन्या बंदुकांमध्ये नुसती दारू भरून बार काढतात, मेलेल्याच्या बाजूने खोटी लढाई लढतात, त्याच्या घराच्या धाब्यावर चढून नाचतात. रात्रभर ‘बाजा नी’ नावाची गाणी चालतात. ही गाणी एकोणिसाव्या शतकातल्या आबिरे नावाच्या एका आंधळ्या, गावोगाव फिरणाऱ्या गायकाची म्हणून ओळखली जातात. मेलेल्याने आयुष्यात काय काय केलं त्याचा उच्चार होतो, त्याचे आभार मानले जातात: कालच्या कामाबद्दल, शेताबद्दल, पाहुण्यांना घातलेल्या जेवणाबद्दल. कुदळ मोडण्याचा प्रसंगही या निरोपातलाच.

इतकं झाल्यावर आपल्याला वाटेल, संपलं. डोगोनांना तसं वाटत नाही. माणसात एक शक्ती असते, तिला ते न्यामा म्हणतात. ती जनावरात असते, झाडात असते, रक्तात असते. माणूस मेला की ही न्यामा बेवारशी होते आणि त्याचा आत्मा घराभोवती, शेताभोवती रेंगाळत राहतो. तो वाईट नसतो, पण त्याचं इथलं स्थान गेलेलं असतं आणि तिकडचं मिळालेलं नसतं. अशा अधांतरी अवस्थेतल्या कुणाचाही शेजार बरा नव्हे. पीक बिघडतं, पोरं आजारी पडतात. सुतकाचे निर्बंधही त्याच्याबरोबर लोंबकळत राहतात. हे सगळं एकदाचं संपवणारा विधी म्हणजे दामा. तो एकट्या-दुकट्याचा नसतो. मागच्या दाम्यानंतर गावात जितके मेले त्या सगळ्यांचा मिळून एकच होतो, आणि त्यात मुखवटे येतात.

पहिला मेलेला माणूस

मुखवट्यांचा आणि मरणाचा संबंध का, याची एक कथा सांगा भागात सांगतात. पूर्वी माणसं मरत नसत. म्हातारी झाली की त्यांचे साप होत आणि ते भूतांच्या जगात जाऊन त्यांच्या भाषेत बोलत. ज्योंगू सेरू नावाचा एक म्हातारा असाच साप झालेला असताना त्याला वाटेत गावातली तरुण मंडळी दिसली. त्यांनी नियम मोडून मुखवट्यांचे लाल तंतू अंगावर घातलेले होते. म्हातारा इतका संतापला की त्याने त्यांना सापाच्या तोंडाने, पण माणसांच्या भाषेत शिव्या घातल्या. तेवढ्याने घात झाला. भूतांच्या जगाला तो विटाळला आणि माणसांत परतायची वाट आधीच बंद झालेली होती. कुठेच जागा उरली नाही, म्हणून तो मेला. जगातलं पहिलं मरण.

पुढे गावात एक मूल जन्मलं, लालसर आणि अंगावर सापासारखे ठिपके असलेलं. म्हाताऱ्याची न्यामा त्या मुलात शिरली होती. मग लोकांनी सापाच्या आकाराचा एक प्रचंड मुखवटा कोरला, तो म्हाताऱ्याच्या नावाने प्रतिष्ठित केला, आणि त्या भटक्या शक्तीला राहायला जागा दिली. मूल बरं झालं.

मला ही कथा फार हुशार वाटते. एका रागावलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून चुकीच्या ठिकाणी चुकीची भाषा निघाली, इथून मरण सुरू होतं; आणि त्यावरचा उपाय म्हणजे सुतारकाम. शोक नाही, प्रार्थना नाही. लाकूड आणा, तासा, भटक्याला घर द्या.

तो महामुखवटा आजही कोरला जातो, दर साठ वर्षांनी एकदा, सिगी नावाच्या सोहळ्यासाठी. तो दहा मीटरपर्यंत लांब असतो आणि कुणीही तोंडावर चढवत नाही. चढवणं शक्यच नाही. तो गुहेत ठेवतात. नाचतात ते वेगळे मुखवटे.

मुखवटा म्हणजे लाकडाचा चेहरा नव्हे

जगभरच्या संग्रहालयांत डोगोन मुखवटे आहेत, पॅरिसच्या के ब्रान्लीत तर भरपूर. तिथे भिंतीवर लावलेलं लाकूड बघून जी समजूत होते ती निम्म्याहून कमी. डोगोनांसाठी लाकूड हा मुखवट्याचा एक भाग. डोक्याला बसणारी तंतूंची टोपी, दंडांना आणि कमरेला लाल, काळ्या, पिवळ्या तंतूंचे झुबके, कवड्या शिवलेला छातीचा पट्टा, सुती विजार, हातातली काठी किंवा घोड्याच्या शेपटीची चवरी, आणि या सगळ्याच्या आत घामाघूम झालेला पोऱ्या: एवढं मिळून मुखवटा. त्यातला पोऱ्या काढून घेतला की उरलेला मुखवटा थांबला, मग तो काचेआड ठेवा नाहीतर कुठे.

तंतू आपल्या अंबाडीच्या जातीच्या झुडपापासून काढतात आणि रंगवतात. लाल रंग सर्वांत जोखमीचा. तो रक्ताचा, आणि त्यातही बायकांच्या विटाळाच्या रक्ताचा मानतात. कवड्यांचा प्रवासही मजेशीर आहे. पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतकं चलन म्हणून वापरलेल्या कवड्या मोठ्या प्रमाणावर आल्या त्या मालदीवहून. म्हणजे आराध्यांच्या गळ्यातली माळ आणि डोगोन पोराच्या छातीवरचा पट्टा, दोन्हींतला माल एकाच समुद्रातला असायची बरीच शक्यता.

सगळ्यांत जास्त दिसणारा मुखवटा कानागा. चेहऱ्यावर डोळ्यांसाठी दोन खोल चौकोनी खाचा, आणि वर एक उभी पट्टी. तिला दोन आडव्या पट्ट्या, आडव्या पट्ट्यांच्या टोकांना छोटी उभी लाकडं, वरच्यांची तोंडं वर, खालच्यांची खाली. लाकूड हलकं घेतात, कारण नाच तसा आहे. ढोलाचा वेग वाढला की कानागा धावत पुढे येतो, पाय फाकवून कमरेतून वाकतो आणि धड गर्रकन फिरवून मुखवट्याचं वरचं टोक जमिनीला घासतो. धूळ उडते. तो सरळ होतो, दोन पावलं टाकतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तेच. एका मागोमाग दहा-वीस कानागे. इतक्या झटक्यात लाकूड डोक्यावरून उडून कसं जात नाही? आतून दोऱ्यांनी ते टोपीला बांधलेलं असतंच, पण खरा आधार वेगळा आहे. मुखवट्याच्या आत तोंडापाशी एक आडवा पट्टा असतो आणि नाचणारा तो दातांत घट्ट धरून ठेवतो. सबंध नाच दात आवळून. म्हणून मुखवट्याआडून बोलणं, गाणं नाहीच. मुखवटे फार तर जनावरासारखे चित्कारतात, आणि बोलायचं ते काम भोवतालची वडीलधारी माणसं करतात.

कानाग्याची मान दुखत असेल तर सिरिग्याची काय गत? सिरिगे म्हणजे चेहऱ्याच्या वर चार-पाच मीटर उंच, सलग एका लाकडाची जाळीदार फळी. घराण्याच्या अनेक मजली वाड्याचं, पिढ्यांवर पिढ्या रचल्याचं ते रूप. नाचणारा ती फळी पुढे झुकवून टोक जमिनीला टेकवतो, सरळ करतो, मग मागे टेकवतो. सगळा भार मानेवर आणि जबड्यावर. ज्याला हे जमतं त्याचं नाव गावात पुढची काही वर्षं निघतं, आणि लग्नाच्या बाजारातही ते वाया जात नाही.

ग्रिओलने १९३० च्या दशकात नोंदवले तेव्हा मुखवट्यांचे ऐंशीच्या आसपास प्रकार होते. वालू हा हरणाचा मुखवटा, शिंगं उगारून माणसांवर धावून जाणारा. ससा आहे, तो शिकाऱ्याला बघून दडतो. माकडं आहेत. तिंगेतांगे उंच काठ्यांवर चढून पाणपक्ष्यासारखा डौलात चालतो. तो तरुण मुलीचं रूप घेतो आणि छातीवर गोरखचिंचेच्या फळाच्या अर्ध्या कवट्या बांधतो. शेजारच्या फुलानी गुराख्यांची बाई आहे, मुसलमान मुल्ला आहे, दुसऱ्या जमातीचा योद्धा आहे. डोगोन गावात बाहेरून जे जे आलं, त्याचं सोंग निघालं. मग गोरा साहेब आला. त्याचाही मुखवटा झाला. पुढे लाकडी कॅमेरा घेतलेला पर्यटक झाला, आणि हातात वही घेऊन खुर्चीवर बसून लोकांना येडपट प्रश्न विचारणारा मानववंशशास्त्रज्ञसुद्धा झाला. प्रेक्षक हसून लोटपोट होतात. मरणाच्या विधीत हे? होय, त्यातच. दाम्याची हवा उदास नसते. रडणं न्यू यानात होऊन गेलेलं असतं.

बायकांनी शोधले, पुरुषांनी नेले

मुखवट्यांचा सगळा कारभार ‘आवा’ या पुरुषांच्या संघटनेकडे. सुंता झालेला प्रत्येक पुरुष तिचा सदस्य. त्यांची एक खास भाषा आहे, सिगी सो. मुखवट्यांशी त्याच भाषेत बोलायचं. शब्दसंपत्ती तुटपुंजी, त्यामुळे एकेका शब्दाला अनेक कामं करावी लागतात, पण घोषणा करायला ती झकास आहे. नाचणाऱ्याला चेव आणायला म्हातारे तीतूनच ओरडतात: सगळ्यांचे डोळे तुझ्यावर आहेत, पाय उचल, हात हलव. ही भाषा नीट येणारे थोडेच. सिगीच्या वेळी निवडून, गावाबाहेर काही काळ ठेवून शिकवलेल्या पुरुषांना ओलुबारू म्हणतात. भाषेचे राखणदार ते.

बायकांनी मुखवट्यांपासून लांब राहायचं. धाब्यांवरून, मैदानाच्या कडेवरून बघायचं. आणि गंमत अशी की कथा स्वतःच सांगते, मुखवटे आधी बाईच्या हाती लागले. रानातल्या ठेंगण्या भुतांकडचे लाल तंतू एका बाईने मिळवले, ते घालून ती गावात आली आणि पुरुष घाबरून पळाले. काही काळ बायकांनी पुरुषांना चांगलं धाकात ठेवलं. मग एका म्हातारीने पुरुषांना खरं काय ते सांगितलं, पुरुषांनी ते सामान हिसकावलं आणि तेव्हापासून भ्यायची पाळी बायकांची झाली. सातिंबे नावाच्या मुखवट्यावर हात पसरून उभी असलेली बाई कोरलेली असते, ती हीच. दुसऱ्याचं हिसकावलं हे इतकं उघड सांगणारी सत्ता विरळा. सिगीच्या काळात जन्मलेल्या काही स्त्रियांना मात्र अपवाद असतो. त्यांना यासिगिने म्हणतात, मुखवट्यांच्या बहिणी. त्यांना जवळ जाता येतं आणि मेल्यावर त्यांच्यासाठी मुखवटे नाचतात. एरवी दामा हा प्रामुख्याने पुरुषांचा.

डच मानववंशशास्त्रज्ञ वाल्टर व्हान बेक १९७९ पासून तिरेलीत काम करत होते. त्यांनी या सगळ्याची जी उकल केली ती मला पटते. गाव हे घर, सुरक्षितता, बायकापोरं. पण तिथली शक्ती वापरून वापरून विरत जाते. रान धोक्याचं, तिथे भुतं आणि जनावरं, पण ज्ञान आणि ताकद तिथूनच येते. मुखवटे रानातून गावात येतात. म्हणजे दाम्यात दुहेरी वाहतूक चालते: मेलेले गावातून बाहेर जातात आणि त्याच वाटेने रानाची ताकद आत येते. नाचणारे पुरुष काही दिवस रानचे जीव होतात, बायकांशिवाय आपलं चालतं असा आव आणतात, आणि दामा संपला की तंतू उतरवून मुकाट्याने जेवायला घरी येतात.

दामा एका दुपारचा नसतो. तयारीसकट तो काही आठवडे चालतो. पोरं रानात जाऊन तंतू वळतात, पुष्कळ जण आपला मुखवटा आपणच कोरतात. मग ठराविक दिवशी मुखवटे गावात शिरतात, मेलेल्यांच्या धाब्यांवर नाचतात, मैदानात नाचतात. शेवटच्या नाचानंतर मेलेले वाटेला लागले असं धरतात. सुतक संपतं, आणि घराण्याच्या वाड्यात त्यांना पूर्वज म्हणून नैवेद्य मिळू लागतो. घराण्याची पतही इथे दिसते. किती बिअर गाळली, किती मुखवटे आले, शेजारच्या गावांतून किती माणसं आली, हे लोक वर्षानुवर्षं बोलतात. दामा मोठा झाला की मेलेल्याचं भलं होतं आणि जिवंतांचं जरा जास्तच.

अर्थ कुणाला विचारायचा?

कानाग्याच्या त्या दुहेरी क्रुसाचा अर्थ काय? सर्वसाधारण माणूस सांगतो, पंख पसरलेला पक्षी. ग्रिओलला जाणत्यांनी सांगितलं की तो जग निर्माण करणारा देव अम्मा आहे, एक जोडी हात आकाशाकडे, एक पृथ्वीकडे. ग्रिओलच्या मते डोगोन ज्ञान पायऱ्यापायऱ्यांनी दिलं जातं. वरवरचं आधी, गाभ्याचं शेवटी. १९४६ मध्ये ओगोतेमेली नावाच्या आंधळ्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने त्याला ३३ दिवस विश्वाची उत्पत्ती समजावली, त्याचं पुस्तक १९४८ मध्ये आलं आणि डोगोन एकदम तत्त्वज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाले.

अडचण अशी की व्हान बेकनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेरतपासणीत त्या गहन विश्वरचनेपैकी फारसं काही गावकऱ्यांना ओळखीचं निघालं नाही. व्याध ताऱ्याच्या न दिसणाऱ्या जोडीदाराची डोगोनांना पुरातन माहिती होती, हा दावाही याच भानगडीतला. त्यावर १९७६ मध्ये एकाने परग्रहवासीयांचं पुस्तक लिहिलं आणि आज इंटरनेटवर डोगोन शोधलं की आधी उडत्या तबकड्या भेटतात, दामा फार खाली. हा प्रकार तापदायक आहे. साठ वर्षांचा हिशेब पिढ्यानपिढ्या सांभाळणाऱ्या लोकांच्या खऱ्या करामती बाजूला पडतात आणि न केलेल्या त्यांच्या गळ्यात मारल्या जातात.

ग्रिओल १९३१ मध्ये सांग्याला प्रथम आला तो डाकार ते जिबूती अशा मोठ्या सरकारी मोहिमेतून. तिच्यात साडेतीन हजारांच्या आसपास वस्तू गोळा झाल्या. सगळ्या विकत किंवा राजीखुशीने नव्हे. काही धाकाने, काही चोरून. मोहिमेचा चिटणीस मिशेल लेरिस याने आपल्या रोजनिशीत ते लिहून ठेवलं आणि १९३४ मध्ये छापलंही. त्याचं आणि ग्रिओलचं मग बिनसलं. हाच लेरिस पुढे सिगी सो भाषेचा अभ्यासक झाला. तेव्हा ग्रिओलसाठी पेन्सिल मोडणाऱ्या गावकऱ्यांच्या मनात निव्वळ प्रेम होतं असं समजू नये. त्याने तिथे कांद्याच्या शेतीला पाणी देणारं धरण बांधायला मदत केली होती, हेही लोकांच्या हिशेबात होतं. हिशेब दोन्ही बाजूंचा असतो.

आता काय चाललंय

मुखवटे पैशासाठी नाचवणं हे अलीकडचं पाप नाही. १९३१ च्या पॅरिसच्या वसाहतींच्या प्रदर्शनात डोगोन नर्तक नाचून आले होते. पुढे पर्यटक सांग्याला येऊ लागले आणि त्यांच्यासाठी तासाभराचा वेगळा नाच ठरून गेला. गावकऱ्यांना त्यात आणि दाम्यात गोंधळ कधी वाटला नाही. गोंधळ बघणाऱ्यांचा होता. पर्यटनाच्या पैशावर कित्येक तरुण नाचात टिकले, हेही खरं.

इस्लाम मात्र खोल गेला आहे. आज डोगोनांचा मोठा भाग मुसलमान आहे, काही ख्रिस्ती आहेत. मुसलमान घरात दामा बसत नाही. काही गावांत तो बंद पडला, काहींत मुसलमान पोरंही ‘नुसता नाच’ म्हणून उतरतात आणि बाप तिकडे बघत नाही.

२०१२ नंतर उत्तर मालीतला सशस्त्र संघर्ष मध्य मालीत उतरला आणि पर्यटन पार बुडालं. जिहादी टोळ्यांत फुलानी तरुण भरती होतात या संशयावरून डोगोन शिकाऱ्यांची सशस्त्र दलं उभी राहिली. २३ मार्च २०१९ रोजी ओगोसागू या फुलानी गावात दीडशेहून जास्त माणसं मारली गेली; हल्लेखोर डोगोन शिकाऱ्यांच्या वेषात होते. जूनमध्ये सोबाने दा या डोगोन गावात ३५ जण मारले गेले, त्यात बहुतेक मुलं. ज्या फुलानी बाईचं सोंग काढून गाव हसायचं, तिच्या गावाशी आता हे नातं. गावंच्या गावं उठली आहेत, बाजारांचे रस्ते धोक्याचे आहेत. शेजारच्या गावांतून माणसं आल्याशिवाय दामा होत नाही, आणि नेमकं तेच जाणं-येणं तुटलं आहे.

आणि अशात सिगीची वेळ आली आहे. मागचा सिगी १९६७ मध्ये कड्याजवळच्या युगो गावातून निघाला आणि गावामागून गाव करत १९७३ पर्यंत चालला. फ्रेंच चित्रपटकार ज्याँ रूश आणि मानववंशशास्त्रज्ञ जर्मेन दिएतर्लँ यांनी वर्षागणिक जाऊन त्याचं चित्रीकरण केलं. त्याआधीचा १९०७ चा. साठ वर्षांच्या गणिताने पुढचा २०२७ मध्ये युगोतूनच सुरू व्हायला हवा. त्यात नवा महामुखवटा कोरायचा, नवे ओलुबारू निवडून त्यांना सिगी सो शिकवायची. शिकवणारे म्हणजे १९६७ ते १९७३ मध्ये जे स्वतः शिकले ते. १९६७ मध्ये वीस वर्षांचे असलेले आज पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. त्या सिगीत जन्मलेल्या यासिगिने पन्नाशी ओलांडून साठीकडे आल्या आहेत. रीतीप्रमाणे पुढच्या मुखवट्यांच्या बहिणी या येत्या सात वर्षांत जन्मायच्या आहेत.